वाचकांचे प्रश्न : पंखे फिरतात, पण डिस्प्ले नाही

मागच्या अंकात पार्ट आणून घरीच पीसी कसा जोडायचा ते छापलं आणि आता जोडलेले पीसी चालू होत नाहीत म्हणून पत्रं येतायत, म्हणजे जोडले तरी लोकांनी! जवळपास प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न आहे, बायॉस (बोर्डवरच्या चिपमधला, पीसी सुरू करून देणारा प्रोग्राम) अपडेट करून बघू का. माझं मत आधीच सांगून टाकतो, कारण असेल तरच करा, आणि कारण कुठलं ते खाली येईलच.

प्रश्न : दादा, सुट्टीत क्लास घेऊन पैसे जमवले आणि पहिल्यांदाच पीसी बिल्ड केला. रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक, ग्राफिक्स कार्ड दिवाळीत घेणार. बटण दाबलं की पंखे फिरतात, लाइट लागतात पण स्क्रीन काळी. बोर्डवर डीरॅम लिहिलंय तिथे पिवळा लाइट लागून राहतो. किती वेळा बंद-चालू केलं काही फरक नाही. दुकानदार म्हणतो बोर्ड गेलाय, काढून घेऊन ये. आई म्हणते तरी सांगत होते रेडीमेड घे. — कोल्हापूर

उत्तर : दुकानात जाऊ नकोस अजून. ‘बंद-चालू केलं’ असं लिहिलंयस ना, मला वाटतं सगळा घोळ तिथेच आहे. डीडीआर५ रॅम नवीन बोर्डवर पहिल्यांदा लावली की बोर्डचं फर्मवेअर, म्हणजे बायॉसच, आधी रॅमचं ट्रेनिंग करतं, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधल्या प्रत्येक लाइनवर सिग्नल नक्की कधी पोचतो, किती व्होल्टेजला नीट वाचता येतो हे तपासून आकडे पक्के करतं आणि हे होईपर्यंत स्क्रीनवर काहीच येत नाही, कारण डिस्प्लेचा नंबर रॅमच्या नंतर लागतो. तोपर्यंत डीरॅमचा लाइट लागलेलाच असतो आणि तो बिघाड झाल्यासारखाच दिसतो. २०२२ मध्ये हे एएम५, म्हणजे तुझ्या ७६०० च्या सॉकेटचे, बोर्ड आले तेव्हा एका कंपनीने तर रॅमच्या स्लॉटवर स्टिकरच लावून दिले होते, किती रॅमला किती वेळ थांबायचं त्याचे, आणि चार ३२ जीबीच्या स्टिकला त्यावर ४०० सेकंद लिहिले होते. आता तू दोन मिनिटांनी वैतागून बटण दाबून धरलंस की ते अर्धवट सुटतं आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून.

तर पीसी चालू कर आणि पंधरा मिनिटं हात लावू नकोस. मध्येच आपोआप बंद होऊन परत चालू झाला तरी घाबरू नको, ट्रेनिंगमध्ये होतं तसं. मॉनिटरची केबल बोर्डच्या एचडीएमआयला आहे ना ते बघ, ७६०० मध्ये छोटं ग्राफिक्स आहे त्यामुळे तिथून डिस्प्ले येतो, पण हेच ७५००एफ असता तर ग्राफिक्स कार्डाशिवाय आलाच नसता.

पंधरा मिनिटांनीही काही नाही आलं तर मेन स्विच बंद करून एकच स्टिक ठेव, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. बोर्डवर बहुतेक ए२ लिहिलेलं असतं. कट् आवाज येईपर्यंत दाब, नवीन माणूस घाबरून अर्धवटच बसवतो. मग दुसरी स्टिक एकटी लावून बघ. एकीवर चालतो आणि दुसरीवर नाही असं झालं तर रॅम बदलून आण. दोन्हींवर नाही तर सीमॉस क्लिअर कर, म्हणजे बायॉसची सेटिंगं मूळपदावर आण, त्याची जंपरची पिन कुठली ते बोर्डच्या पुस्तकात दिलेलं असतं आणि ते पुस्तक कुठे टाकलंय ते आत्ताच शोधून ठेव. त्यानेही नाही झालं तरच बायॉस. तेही होत नाही म्हटल्यावर दुकान.

चालू झाल्यावर एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडवर चालवायचं सेटिंग, लावशील तेव्हा ट्रेनिंग परत होणार, बायॉस अपडेट केलास की परत. पण रोजच चालू व्हायला मिनिटभर लागत असेल तर बायॉसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर नावाचं सेटिंग आहे ते चालू कर, म्हणजे मागचे आकडे वापरले जातात. ते चालू केल्यावर निळे स्क्रीन यायला लागले तर मात्र गुपचूप बंद कर. आणि पुढे रॅम वाढवायची झाली तर अजून दोन स्टिक घेऊन चार करू नकोस, ७००० सिरीजला एएमडीने दोन स्टिकसाठी ५२०० आणि चार स्टिकसाठी फक्त ३६०० असा स्पीड दिलाय, त्यामुळे दोन मोठ्याच घेतलेल्या बऱ्या.

प्रश्न : सर, माझ्याकडे २०१८ चा पीसी आहे, बी४५० बोर्ड आणि रायझन ३ २२००जी. बोर्ड तोच ठेवून फक्त प्रोसेसर बदलला की झालं असं मेहुण्याने सांगितलं म्हणून रायझन ५ ५६०० मागवला. बसवला तर नो डिस्प्ले. जुना परत लावला तर सगळं नीट. आता बायॉस अपडेट केला की चालेल ना? — नाशिक

उत्तर : बायॉस अपडेट करावा लागेलच पण तेवढ्याने तुमचं काम होणार नाही, आणि हे मेहुण्यांना विचारायला हवं होतं. तुमच्या २२००जी मध्ये जी आहे, म्हणजे ग्राफिक्स आतच आहे. ५६०० मध्ये ग्राफिक्सच नाही. तुम्ही पत्रात ग्राफिक्स कार्डाचा उल्लेख केला नाहीये म्हणजे बहुतेक नाहीये, तर मग बायॉस कितीही नवीन असला तरी बोर्डच्या एचडीएमआयमधून काहीच येणार नाही. बॉक्स परत घेत असतील तर ५६००जी घ्या, नाहीतर एखादं साधं कार्ड बघा. ५५०० घेऊ नका बरं का, तो स्वस्त दिसतो पण त्यातही ग्राफिक्स नाही.

आता बायॉस. तुमचा बोर्ड आला तेव्हा ५००० सिरीज बाजारातच नव्हती, त्यामुळे जुना बायॉस त्या प्रोसेसरला ओळखत नाही. एएमडीने तर मे २०२० मध्ये बी४५० वर पुढची पिढी चालणारच नाही असं सांगून टाकलं होतं, लोकांनी एवढी बोंब मारली की त्याच महिन्यात शब्द मागे घेतला. त्यांची अडचण अशी होती की बऱ्याच बी४५० बोर्डांवर बायॉसची चिप १६ एमबीची, आणि एएम४ वर, म्हणजे तुमच्या बोर्डच्या सॉकेटवर, इतक्या पिढ्यांचे प्रोसेसर आले की सगळ्यांचा कोड त्यात मावेना, मग कुणी सेटिंगची रंगीत स्क्रीन काढून साधी टाकली, कुणी जुन्या प्रोसेसरचा सपोर्टच काढला.

म्हणून क्रम महत्त्वाचा. २२००जी परत लावा, त्याच्यावर पीसी चालू करून अपडेट करा आणि मगच नवीन बसवा. बोर्डच्या कंपनीच्या साइटवर तुमचंच मॉडेल आणि तुमचंच रिव्हिजन शोधायचं, ते बोर्डच्या कोपऱ्यात छापलेलं असतं, नावात एक अक्षर पुढेमागे झालं तरी फाइल वेगळी. प्रत्येक व्हर्जनखालची बारीक टीप वाचा, आधी अमुक व्हर्जन टाका मग हे टाका असं काही ठिकाणी असतं, आणि या व्हर्जननंतर अमुक जुने प्रोसेसर चालणार नाहीत असंही असतं. त्यात तुमच्या २२००जी चं नाव असेल तर मागचे दोर कापले समजायचं, नवा प्रोसेसर हातात असल्याशिवाय ते व्हर्जन टाकू नका. अपडेट विंडोजमधल्या सॉफ्टवेअरने न करता पेनड्राइव्हवर फाइल घेऊन बायॉसच्या आतून करा.

जाता जाता, एएम४ चा कूलर ओढून काढायचा नाही. थर्मल पेस्ट सुकून चिकटलेली असते आणि लॉक लावलेलं असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरबरोबर वर येतो आणि पिना वाकतात. पीसी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, मग कूलर डावीकडे उजवीकडे थोडा फिरवून सैल झाल्यावर उचला. तुम्ही दोनदा प्रोसेसर बदललाय तर भिंगातून एकदा पिना बघूनच घ्या.

प्रश्न : पीसीची तारीख रोज मागे जाते, चालू केला की एफ१ दाबा म्हणतो आणि ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो. व्हायरस असेल का? — म्हापसा

उत्तर : सेल संपलाय. बोर्डवर नाण्यासारखा गोल सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा, घड्याळवाल्याकडेही मिळेल. तारीख चुकली की साइटची सर्टिफिकेटं मुदतीत बसत नाहीत म्हणून ब्राउझर ओरडतो, व्हायरस वगैरे काही नाही. आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असते, चांगलीच आहे ती, पण मग घड्याळाला एसएमपीएसकडून, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायकडून, स्टँडबायची वीज मिळत नाही आणि सगळा भार या सेलवर येतो, त्यामुळे तो लवकर संपतो. बदलल्यावर बायॉसमध्ये जाऊन तारीख आणि आधीची सेटिंगं परत लावा.

प्रश्न : सर, बायॉस अपडेट करताना मध्येच लाइट गेली. आता पंखा फिरतो आणि बाकी काहीच नाही. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे पण कॉम्प्युटर त्याच्यावर नव्हता. बोर्ड मेला का? — बीड जिल्हा

उत्तर : बोर्ड जिवंत आहे, त्याच्यावरची एक छोटी चिप अर्धवट लिहिली गेलीय. आता बोर्ड कुठला त्यावर पुढचं सगळं. मागच्या बाजूला यूएसबीच्या शेजारी फ्लॅश बायॉस, बायॉस फ्लॅशबॅक किंवा क्यू-फ्लॅश प्लस असं काही लिहिलेलं छोटं बटण दिसतंय का बघा, काही बोर्डांवर ते आतल्या बाजूला असतं. असेल तर नशीबवान आहात, कारण हे बटण प्रोसेसर आणि रॅमशिवायही चालतं, फक्त २४ पिनची मोठी आणि ८ पिनची सीपीयूची अशा दोन पॉवर केबल लागलेल्या पाहिजेत.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर ३२ जीबी किंवा त्याहून लहान पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, बायॉसची झिप उघडून आतली फाइल त्यावर टाका आणि कंपनी सांगते ते नाव द्या. एमएसआयच्या बोर्डला एमएसआय डॉट रॉम, गिगाबाइटला गिगाबाइट डॉट बिन, असुसच्या डाउनलोडमध्ये नाव बदलून देणारा छोटा प्रोग्रामच असतो. इथे बरेच जण फसतात, कारण विंडोज फाइलचं शेपूट लपवून ठेवतं, तुम्हाला दिसतं एमएसआय डॉट रॉम पण खरं नाव असतं एमएसआय डॉट रॉम डॉट आणखी काहीतरी, आणि बोर्डला ती फाइल सापडतच नाही. एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवायचा पर्याय आधी चालू करा. पेनड्राइव्ह खूण केलेल्याच पोर्टमध्ये लावा, एसएमपीएसचा स्विच चालू ठेवून पीसी बंदच असू द्या आणि ते बटण दाबा. लाइट लुकलुकायला लागला की काम चालू आहे, पाच-दहा मिनिटं तरी लागतात. लगेच बंद झाला किंवा न लुकलुकता नुसता लागून राहिला तर फाइल, नाव किंवा पेनड्राइव्ह यांपैकी काहीतरी चुकलंय, जुना साधा यूएसबी २ चा पेनड्राइव्ह वापरून बघा, का कोण जाणे पण ते जास्त चालतात.

बटण नसेल तर काही बोर्डांवर दुसरी राखीव बायॉस चिप असते, पुस्तकात बघा. तीही नसेल तर चिप प्रोग्रामरने लिहून घ्यावी लागते. लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या बहुतेक कारागिरांकडे ते यंत्र असतं, त्यामुळे नवीन बोर्ड घ्यायच्या आधी जिल्ह्याच्या ठिकाणी दोघा-तिघांना विचारा. हे यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळतं पण काही चिप ३.३ व्होल्टच्या आणि काही १.८ च्या असतात, ते न बघता चिमटा लावला तर अर्धवट चिपची पूर्ण वाट लागेल, त्यामुळे पहिल्यांदाच करणार असाल तर घरी नको. आणि पुढच्या वेळी अपडेटपुरता तरी पीसी इन्व्हर्टरवर घ्या, त्याच्यावर यूपीएस मोडचं बटण असतं ते लावून, नाहीतर लाइट गेल्यावर इन्व्हर्टर वीज द्यायला जो किंचित वेळ घेतो तेवढ्यात पीसी रिस्टार्ट होतो.

प्रश्न : माझा पीसी २०१८ ला मीच जोडलेला, आय५ ८४००. विंडोज १० चे अपडेट बंद झाले म्हणून ११ टाकायला बायॉसमध्ये सिक्युअर बूट चालू केलं, त्यासाठी सीएसएम बंद करावं लागलं. आता विंडोज येतच नाही, थेट बायॉस उघडतो. डिस्क दिसते पण बूटच्या यादीत नाही. निवृत्त माणूस आहे, नातवंडांचे सगळे फोटो त्यात आहेत. — पुणे

उत्तर : काका, फोटो सुरक्षित आहेत. सीएसएम परत चालू करा आणि सिक्युअर बूट बंद, पूर्वीसारखं विंडोज येईल. आलं की पहिलं काम फोटो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायचं, विंडोज ११ त्याच्यानंतर.

झालं असं असणार की ही डिस्क जुन्या पद्धतीने, म्हणजे एमबीआरने विभागलेली आहे. जुन्या पीसीची डिस्क तशीच नवीनवर क्लोन केली असेल तर असं होतं. सीएसएम म्हणजे यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीच्या, बायॉसमधला जुन्या पद्धतीने बूट करून देणारा भाग, तो बंद केला की एमबीआर डिस्कवरून विंडोज सुरू करणारं कुणी उरत नाही. विंडोज १० मध्येच २०१७ पासून एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे, ते डिस्क न पुसता नव्या पद्धतीत बदलतं. आधी नुसती तपासणी करायचा पर्याय वापरा, त्यात पास झालं तरच बदल करायला सांगा. डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन असतील तर नापास होईल, त्याला स्वतःसाठी जागा लागते. झालं की बायॉसमध्ये सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू आणि टीपीएमसाठी (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) इंटेलचं पीटीटी चालू. तुमचा आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत आहे.

फार जुनं ग्राफिक्स कार्ड लावलेलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर डिस्प्लेच जाऊ शकतो, कारण त्या कार्डात यूईएफआयचा ड्रायव्हर नसतो. तसं झालं तर कार्ड काढून केबल बोर्डच्या पोर्टला लावा, ८४०० मध्ये ग्राफिक्स आहे. आणि विंडोज ११ आल्यावर डिस्क एन्क्रिप्ट झालीय का ते बघून बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं साधन) ४८ अंकी रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा. बायॉस अपडेट केला किंवा टीपीएम बंद-चालू झालं की ती मागितली जाते आणि नेमकी तेव्हा कुणाकडेच नसते. रायझनवाल्यांनी प्रोसेसर बदलल्यावर एफटीपीएम (प्रोसेसरमधलंच टीपीएम) रिसेट करू का, वाय की एन, असं विचारलं जातं तिथेही की नसेल तर वाय दाबू नये.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडला सेकंड हँड १३ व्या पिढीचा आय७ के मॉडेल चांगल्या किमतीत मिळतोय. ते १३-१४ पिढीचं काहीतरी प्रकरण झालं होतं म्हणतात, बायॉस अपडेट केला की प्रश्न सुटतो ना? — डोंबिवली

उत्तर : नवाकोरा असता तर हो म्हटलं असतं. या दोन पिढ्यांचे डेस्कटॉपचे मोठे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्याने आतला घड्याळाचा सर्किट हळूहळू झिजत होता, मग गेम मधूनच बंद पडणं, व्हिडिओ मेमरी कमी आहे असा भलताच एरर येणं, असं सुरू व्हायचं. लोक बिचारे ग्राफिक्स कार्ड बदलत बसले. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये १२९ नंबरचा आणि सप्टेंबरमध्ये १२बी नंबरचा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला दुरुस्तीचा कोड, दिला, तो बोर्डच्या बायॉस अपडेटमधून येतो. पण त्याने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही, आणि आधीच्या माणसाने तो प्रोसेसर किती दिवस जुन्या बायॉसवर चालवला हे तुम्हाला कोण सांगणार? इंटेलने बॉक्सवाल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच केलीय, त्यामुळे मूळ बॉक्स आणि बिल देत असेल तर बोला. ट्रेमधला, म्हणजे बॉक्सशिवाय विकलेला, असेल तर राहू द्या. १२ व्या पिढीला हा त्रास नाही, मी तुमच्या जागी असतो तर तोच बघितला असता, थोडा हळू चालला तरी.

प्रश्न : भाऊ, पीसी दोन सेकंद चालू होतो, बंद होतो, परत चालू, असं चालूच राहतं. रॅम खोडरबरने घासून झाली. — नागपूर

उत्तर : खोडरबराने गुण येतो तो बरेचदा रॅम काढून परत बसवल्यामुळे येतो! जुन्या रॅमचे पाय काळे पडले असतील तर घासणं ठीक, नवीन रॅमला काय घासायचंय. तुम्ही नवीन कॅबिनेटमध्ये बोर्ड हलवला असेल तर दोन गोष्टी बघा. प्रोसेसरजवळच्या ८ पिनमध्ये सीपीयूचीच केबल आहे ना, ग्राफिक्स कार्डाची दिसायला तशीच असते, जोर करून घुसवलेली पाहिलीय. दुसरं म्हणजे बोर्डखालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांच्यावर स्क्रूने बसतो ते छोटे खुंट. कॅबिनेटमध्ये मोठ्या बोर्डसाठी आधीच लावलेले असतात, तुमचा बोर्ड छोटा असेल तर एखादा स्टँडऑफ भोकाखाली न येता बोर्डच्या मागच्या सोल्डरला टेकतो आणि शॉर्ट होतो. खात्री करायची तर बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या बॉक्सवर ठेवा, प्रोसेसर, कूलर आणि एक स्टिक एवढंच लावा, आणि पॉवरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर टेकवून चालू करा. बाहेर नीट चालला तर कॅबिनेटमधला जास्तीचा स्टँडऑफ काढून टाका. बाहेरही तसंच करत असेल तर मित्राचा एसएमपीएस आणून लावून बघा, आणि त्याच्यावरही तेच झालं तर पत्रात बोर्डचं मॉडेल लिहून पाठवा, या वेळी विसरलायत.